राखणदाराची निवड

गोव्यात आणि दक्षिण कोकणात राखणदार नसलेला गाव विरळा. गावच्या शिवेवर, एखाद्या जुनाट वृक्षाच्या बुंध्याशी त्याचे स्थान असते. रात्री तो हाती काठी घेऊन सीमेवरून फिरतो, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. वेताळाच्या देवळात चामड्याच्या वहाणा वाहण्याची चाल आहे. देव रात्रभर गस्त घालतो म्हणून त्या वहाणा झिजतात, असे जुनी माणसे सांगत. आणखीही एक गोष्ट ती सांगत. अंधारात वाट चुकलेला कोणी वाटसरू शिवेत आला, तर राखणदार काठीचा आवाज करीत त्याच्या पुढे चालतो आणि त्याला वाटेला लावतो. तो वाटसरू कोणत्या गावचा, याची चौकशी तो करीत नाही.

या राखणदाराला कोणी मते देऊन निवडलेले नाही, आणि त्याची बदलीही कोणाला करता येत नाही. माणसांतला राखणदार मात्र कोणीतरी नेमावा लागतो. त्याच्या हाती दंड द्यावा लागतो, कोठडीची किल्ली द्यावी लागते, आणि प्रसंगी माणसाचा जीव घेण्याचे साधनही द्यावे लागते. एवढी सत्ता ज्याला द्यावयाची तो कोणी निवडावा, आणि निवडताना कोणती कसोटी लावावी, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न राज्यशास्त्राचा दिसतो. परंतु विचार करीत गेलो तेव्हा आम्हाला तो मुख्यतः नीतीचा प्रश्न वाटू लागला, आणि त्याचे एक टोक आमच्या स्वतःच्या दाराशी येऊन थांबले.

बहुतेक देशांत पोलीस अधिकारी सरकार नेमते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र एक निराळी परंपरा आहे. तेथील बहुतेक राज्यांत प्रत्येक कौंटीचा, म्हणजे ढोबळमानाने आपल्या एखाद्या तालुक्याचा वा जिल्ह्याचा, शेरीफ हा लोकांच्या मतांनी निवडला जातो, आणि त्याची मुदत बहुधा चार वर्षांची असते. असे सुमारे तीन हजार शेरीफ त्या देशात आहेत. शब्द जुना इंग्रजी आहे. इंग्लंडातील ‘शायर’ म्हणजे प्रांत आणि ‘रीव्ह’ म्हणजे त्याचा कारभारी, या दोहोंच्या संयोगातून तो झाला. मुंबईकरांना तो अपरिचित नाही. तेथे शेरीफचे, म्हणजे नगरपालाचे, पद इंग्रजी अमदानीपासून होते. परंतु ते नामनियुक्त आणि केवळ मानाचे. अमेरिकेतील शेरीफ मानकरी नव्हे. नगरपालिकांच्या हद्दीबाहेरील मुलखात पोलिसांचे काम त्याचे, न्यायालयाचे हुकूम बजावणे त्याचे, आणि पुष्कळ ठिकाणी कौंटीचा तुरुंगही त्याच्याच ताब्यात. त्याच्या डोक्यावर असा वरिष्ठ पोलीस अधिकारी नसतो, की ज्याने सकाळी बोलावून आदल्या दिवसाचा जाब विचारावा. त्याला जाब विचारणारा एकच, तो म्हणजे मतदार. आणि तोही चार वर्षांतून एकदा.

निवडणूक जवळ आली की घरांपुढील हिरवळीवर उमेदवारांच्या नावाच्या पाट्या उभ्या राहतात. भाषणे होतात. चोऱ्या, मादक द्रव्ये आणि परक्या वस्तीतून येणारे उपद्रवी लोक यांचा बंदोबस्त मी करीन, असे प्रत्येक जण सांगतो. कित्येक कौंट्यांत तर विरुद्ध उमेदवारच उभा राहत नाही, आणि तोच तो शेरीफ वर्षानुवर्षे अधिकारावर राहतो.

हा प्रकार प्रथम ऐकला तेव्हा आम्हाला तो विलक्षण वाटला. फौजदाराने दारोदार मते मागत फिरावे, ही कल्पनाच आपल्याकडे थट्टेची ठरेल. परंतु थट्टा करण्यापूर्वी आपल्या व्यवस्थेकडेही पाहिले पाहिजे. भारतातील पोलीस व्यवस्थेचा पाया घालणारा कायदा १८६१ चा, म्हणजे १८५७ च्या उठावानंतर अवघ्या चार वर्षांचा. प्रजा निर्धास्त झोपावी याहून ती पुन्हा उठू नये, याची चिंता त्या कायद्याच्या कर्त्यांना अधिक होती. गोव्यातल्या वडीलधाऱ्यांना तर पोर्तुगीज अमदानीतील पोलीस प्रत्यक्ष ठाऊक होता. १९६१ पर्यंत त्याची निष्ठा लिस्बनशी होती, आणि सत्याग्रहींच्या पाठीवर उठलेल्या वळांचा हिशेब तो ज्यांना देई, ती माणसे समुद्रापलीकडे होती. स्वराज्य आले, तरी वरून नेमलेल्या अधिकाऱ्याचे तोंड वरच राहते, हा अनुभव पुसला गेला नाही. मंत्र्याला न रुचणारा तपास केला की बदली होते, रुचणारा केला की बढती होते, अशी तक्रार इतकी सार्वत्रिक झाली, की अखेरीस सर्वोच्च न्यायालयाला प्रकाश सिंग यांच्या खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना निर्देश द्यावे लागले. महत्त्वाच्या जागांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे हलवू नये, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणे असावीत, इत्यादी. त्या निर्देशांचे पालन पुष्कळ राज्यांनी अर्धेमुर्धेच केले. तेव्हा, ज्याच्या पोरांना रात्री रस्त्याने यावयाचे आहे त्यालाच राखणदार निवडू द्या, असे कोणी म्हटले, तर ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

शिवाय मतपेटीने पोलिसाला वठणीवर आणल्याचे उदाहरण इतिहासात आहे, आणि ते साधेसुधे नाही. अलाबामा राज्यात डॅलस नावाची कौंटी आहे. सेल्मा हे तिचे मुख्य गाव. तेथील निम्मी वस्ती काळ्या नागरिकांची. परंतु १९६० च्या सुमारास त्यांच्यातील मतदानास पात्र अशा शंभर माणसांत जेमतेम एक-दोघांचे नाव मतदार यादीत होते. जिम क्लार्क हा तेथला शेरीफ. मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी कचेरीपुढे रांग लावणाऱ्यांना त्याची माणसे हुसकावून लावीत, आणि ‘कदापि नाही’ अशा अर्थाचा एक बिल्ला तो छातीवर मिरवीत असे. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर निःशस्त्र मोर्चावर राज्याचे पोलीस आणि क्लार्कचे घोडेस्वार अश्रुधूर आणि सोटे घेऊन तुटून पडले. ते दृश्य दूरचित्रवाणीवर देशाने पाहिले, आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला मताधिकाराच्या संरक्षणाचा कायदा झाला. हजारो नावे यादीत चढली. १९६६ मध्ये क्लार्क पुन्हा उभा राहिला, तेव्हा ज्यांना त्याने कचेरीच्या पायऱ्यांवरून परतवून लावले होते, तीच माणसे मतपेटीपाशी आली आणि त्यांनी त्याला पाडले. निवडून आलेला विल्सन बेकर हाही गोराच होता, आणि समतेचा पुरस्कर्ता म्हणून त्याची ख्याती मुळीच नव्हती. परंतु तो कायद्याने वागेल एवढे लोकांना पुरेसे वाटले. त्याच वर्षी त्याच राज्यातील मेकन कौंटीत लुशियस अमरसन हा काळा गृहस्थ शेरीफ म्हणून निवडून आला.

एवढ्यावर थांबता आले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. मत द्या, शेरीफ सुधारेल, एवढे म्हणून मोकळे झालो असतो. परंतु फ्लॉरिडा राज्यातील लेक कौंटीचा इतिहास वाचला आणि ते समाधान टिकले नाही. विलिस मॅककॉल हा १९४४ साली तेथे शेरीफ म्हणून निवडून आला. १९४९ मध्ये ग्रोव्हलंड गावाजवळ एका गोऱ्या तरुणीवरील अत्याचाराचा आरोप चार काळ्या तरुणांवर आला. एकाला पाठलाग करणाऱ्या जमावाने ठार केले. उरलेल्या तिघांना शिक्षा झाली, त्यांतल्या दोघांना देहान्ताची. १९५१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या दोघांची शिक्षा रद्द करून पुन्हा सुनावणी घेण्यास सांगितले. त्या सुनावणीसाठी नोव्हेंबरातील एका रात्री मॅककॉल त्या दोघांना बेड्या घालून स्वतःच्या मोटारीतून आणीत होता. वाटेत त्याने दोघांवर गोळ्या झाडल्या. सॅम्युएल शेपर्ड जागीच मेला. वॉल्टर अर्विन कसाबसा वाचला, आणि आम्ही पळत नव्हतो, असे त्याने सांगितले. कैदी अंगावर आले म्हणून गोळी झाडली, असे शेरीफने सांगितले. चौकशीत शेरीफचे म्हणणे ग्राह्य धरले गेले.

पुढील वर्षी निवडणूक होती. मॅककॉल निवडून आला. त्यानंतरही तो चार वेळा निवडून आला. एकूण सात निवडणुका त्याने जिंकल्या आणि सुमारे २८ वर्षे तो त्या कौंटीचा राखणदार होता. १९७२ मध्ये दुसऱ्या एका कैद्याच्या मृत्यूबद्दल त्याच्यावर खटला झाला. त्यातून तो सुटला, पण त्या वर्षीची निवडणूक हरला. ग्रोव्हलंडच्या त्या चौघांना २०१९ मध्ये राज्याने क्षमा केली, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावरील सर्व आरोप निकालात काढले. तोवर चौघांपैकी एकही जिवंत नव्हता.

आता प्रश्न असा, की लेक कौंटीचे मतदार दुष्ट होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. ते संत्र्यांच्या बागा राखणारे, रविवारी प्रार्थनेला जाणारे, पोराबाळांची काळजी करणारे सामान्य लोक होते. शेरीफ आपला आहे आणि त्याच्या असण्याने आपली रात्र सुखाची जाते, एवढे त्यांना ठाऊक होते. त्या सुखाची किंमत काय पडते हे त्यांनी विचारले नाही. कारण ती किंमत त्यांना द्यावी लागत नव्हती.

शेरीफच्या निवडणुकीतील नैतिक पेच आम्हाला येथे दिसतो. इतर निवडणुकांत मत देणारा आणि निकालाचे फळ भोगणारा ही माणसे पुष्कळ अंशी एकच असतात. नगरपालिकेने पाणीपट्टी वाढविली तर ती मतदारालाही भरावी लागते. दंडशक्तीचे तसे नाही. येथे भीती एकाला वाटते आणि दंड दुसऱ्याच्या पाठीत बसतो. ज्याला कोठडीत डांबतात तो पुष्कळदा गरीब, परका, अल्पसंख्य, किंवा मताचा हक्कच नसलेला असतो. अमेरिकेतील कौंट्यांच्या तुरुंगांत असलेल्यांपैकी बहुसंख्य कैद्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नसतो. ते खटल्याची वाट पाहत असतात. आपल्याकडील तुरुंगांची स्थितीही याहून वेगळी नाही. हे लोक उमेदवाराच्या हिशेबात नसतात.

हे जुन्या काळातच घडत होते असे कोणी समजू नये. ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा कौंटीची लोकसंख्या चाळीस लाखांहून अधिक आहे. जो अर्पायो हा तेथे १९९२ मध्ये प्रथम निवडून आला आणि सहा मुदती, २४ वर्षे, शेरीफ राहिला. वाळवंटातील उन्हाळ्यात त्याने कैद्यांना तंबूंत ठेवले, त्यांना गुलाबी अंतर्वस्त्रे घालायला लावली, आणि या गोष्टी लपवून न ठेवता त्यांची जाहिरात केली. मतदारांना त्या आवडल्या. केवळ चेहरेपट्टी पाहून मेक्सिकन वंशाच्या लोकांना रस्त्यात अडविणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय २०१३ मध्ये न्यायालयाने दिला. तरीही त्याला घरी बसविण्यास मतदारांना २०१६ साल उजाडावे लागले. पुढल्या वर्षी न्यायालयाच्या अवमानाबद्दल तो दोषी ठरला, आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याला क्षमाही केली. ज्यांना रस्त्यात अडविले गेले होते, त्यांचे संरक्षण त्या २४ वर्षांत प्रथम कोणी केले, तर ते मतपेटीने नव्हे, एका नेमलेल्या न्यायाधीशाने.

म्हणजे मतपेटी निरुपयोगी आहे काय? नव्हे. सेल्माला तीच उपयोगी पडली. तथापि सेल्मा आणि लेक कौंटी यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. सेल्मात मत अशा माणसांच्या हाती आले, की ज्यांच्या पाठीवर सोटा पडला होता. लेक कौंटीत ते अशांच्या हाती राहिले, की ज्यांना सोट्याचा आवाजही ऐकू येत नव्हता. यंत्र तेच, कायदा तोच. मत देणाऱ्याला कोणाचे दुःख ठाऊक आहे, यावर सगळे अवलंबून राहिले.

भीतीविषयीही चार शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण शेरीफच्या निवडणुकीत उमेदवार बहुधा तिलाच हाक घालतो. गुन्हा आणि गुन्ह्याची भीती या दोन निराळ्या वस्तू आहेत. १९७२–७३ मध्ये कॅन्सस सिटीत एक प्रयोग झाला. शहराच्या काही भागांत मोटारीतून फिरणारी नेहमीची गस्त बंद केली, काहींत ती दुप्पट-तिप्पट केली, काहींत होती तशी ठेवली. वर्षाने पाहिले तर गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि गस्त कमी-अधिक झाली हे बहुतेक रहिवाशांच्या लक्षातही आले नव्हते. पुढे नूअर्क शहरात पोलिसांना पायी फिरावयास लावले. १९८१ मध्ये त्याचा अहवाल निघाला. गुन्हे त्यानेही कमी झाले नव्हते. परंतु लोकांना अधिक निर्भय वाटू लागले, आणि पोलिसांविषयी त्यांचे मत सुधारले. लोकांना आपलेसे करून चालणारी पोलीस व्यवस्था ही जी कल्पना पुढे सर्वत्र बोलली जाऊ लागली, आणि जिच्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेने एक लक्ष नवे पोलीस नेमण्याचा कायदा केला, तिच्या मुळाशी असे अनुभव आहेत. आम्हाला त्यातून एवढा बोध होतो, की ओळखीचा माणूस दाराशी आला म्हणजे भय ओसरते. कोणाला तरी कुठेतरी बडविल्याची वार्ता ऐकून ओसरलेले भय टिकत नाही. थोड्याच दिवसांत ते नव्याने कोणाला तरी बडविण्याची मागणी करते.

राखण ही सगळ्या गावाची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याला परका नाही. पेशवाईच्या अखेरीस आपल्या खेड्यांत ही व्यवस्था कशी होती, हे एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात नमूद केले आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने वा रामोश्याने पावलांचा माग काढीत जावयाचे. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला, की तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करावयाचा, आणि जबाबदारी त्याच्यावर. माग जेथे हरवला, तेथल्यांनी भरपाई द्यावयाची. आश्चर्य असे, की इंग्लंडातही १२८५ च्या विंचेस्टर येथील कायद्याने अगदी हेच सांगितले होते: चोर सापडला नाही तर त्या मुलखाने नुकसान सोसावे. शेरीफचे पदही याच जगातले. शेजाऱ्याची चोरी ही माझी हानी, हा त्या व्यवस्थेतील उदात्त भाग आहे.

परंतु तिचा दुसरा भागही सांगितलाच पाहिजे. माग कोठेतरी पोचवावाच लागे, आणि बहुधा तो दुबळ्याच्या दारी पोचे. ज्या रामोश्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावे आणि गड राखले, त्यांच्याचकडे पुढे सरकार आणि समाज चोर म्हणून पाहू लागले. १८७१ च्या कायद्याने भारतातील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. रामोशी समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्याने आपले दार राखले, त्यालाच दारात उभे करण्यास आपण भ्यालो.

येथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगणे सुखाचे नाही.

आम्ही लहान असताना बेळगावातील ज्या गल्लीत राहत होतो, तेथे एका घरचा तांब्याचा हंडा नाहीसा झाला. आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. चोरांची टोळी आली आहे, ती अंगाला तेल लावून फिरते, अशा वार्ता पसरल्या. पंच मंडळींनी गल्लीतील तरुणांची रात्रीची गस्त नेमली. आम्हा पोरांना तो उत्सवच वाटला. काठ्या, बॅटऱ्या, मध्यरात्रीचा चहा. तिसऱ्या रात्री आरडाओरडा झाला आणि आम्ही धावत गेलो. विजेच्या खांबाला एक माणूस बांधला होता. त्याला मराठी येत नव्हते. तो कानडीत काही सांगू पाहत होता. कानडी आमच्या गल्लीत पुष्कळांना समजत असे, पण त्या रात्री ती कोणाला समजली नाही. पहाटे त्याला पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा त्याचा एक हात लोंबत होता.

दोन दिवसांनी कळले, की तो वीटभट्टीच्या कामावर आलेला मजूर होता. रात्रीच्या गाडीने उतरला आणि वाट चुकला. पंधरा दिवसांनी हंडाही सापडला. तो त्याच घराच्या परड्यातील विहिरीत होता. पाणी शेंदताना दोर सुटून बुडाला होता आणि रागे भरतील म्हणून कोणी बोलले नव्हते. गल्लीने तो विषय पुन्हा काढला नाही. गस्तीचा जो म्होरक्या होता, तो पुढे नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. गल्ली राखणारा माणूस म्हणून त्याने मते मागितली, आणि गल्लीने ती त्याला भरभरून दिली. त्याच्या मिरवणुकीत निशाण धरणाऱ्या पोरांत आम्हीही होतो.

लेक कौंटीच्या मतदारांविषयी वर जे लिहिले, ते लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे फ्लॉरिडा नव्हते. तो विजेचा खांब होता. ती माणसे दुष्ट नव्हती असे आम्ही म्हणालो, कारण आमच्या गल्लीतली माणसे दुष्ट नव्हती. आजाऱ्याला रात्री खांद्यावरून दवाखान्यात नेणारी, कोणाच्या घरी मयत झाले तर चूल पेटू न देता डबे पोचविणारी ती माणसे होती. त्यांचे शेजारधर्माचे वर्तुळ पक्के होते. तो मजूर त्या वर्तुळाबाहेर उभा होता, एवढाच त्याचा अपराध.

या मासिकाच्या वाचकांना ही गोष्ट विशेष रीतीने लागू आहे असे आम्हाला वाटते. बेळगावचे, इंदूर-ग्वाल्हेरचे, बडोद्याचे, हैदराबादचे आपण मराठी लोक आपल्या राज्यात संख्येने थोडे आहोत. उद्या कोणी आपल्या जिल्ह्यात पोलीस प्रमुख मतांनी निवडावयाचे ठरविले, तर आपला पहिला प्रश्न काय असेल? तो आपल्या भाषेत आपली फिर्याद ऐकेल ना, हाच. बहुसंख्याकांच्या मतावर आलेला राखणदार आपल्याला राखील काय, अशी धास्ती आपल्याला वाटेल आणि ती रास्त असेल. पण त्या गल्लीत आपण बहुसंख्य होतो. तेथे ती धास्ती कानडी मजुराच्या वाट्याला आली. कोणीही सर्वकाळ अल्पसंख्य नसतो आणि कोणीही सर्वकाळ बहुसंख्य नसतो. वळण बदलले, गल्ली बदलली, की भूमिका बदलतात. म्हणून जो न्याय आपण अल्पसंख्य असताना मागतो, तोच बहुसंख्य असताना देता आला पाहिजे. न आला तर आपली मागणी न्यायाची नसून सोयीची होती, असे ठरते.

तर मग राखणदार कोणी निवडावा? केवळ मतांनी निवडला तर तो बहुमताच्या भीतीचा चाकर होतो. केवळ वरून नेमला तर तो मंत्र्याच्या मर्जीचा चाकर होतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ पासून पोलिसांवर देखरेख करणारे आयुक्त लोकांनी निवडावयाची पद्धत सुरू केली, तर पहिल्याच निवडणुकीत शंभरांतील सुमारे पंधराच मतदार आले. म्हणजे निवडीचा हक्क दिला, तरी लोक ती जबाबदारी उचलतीलच असे नाही. दुसरीकडे भिवंडीचे उदाहरण आहे. १९८४ च्या दंगलीत ते गाव होरपळले होते. तेथे १९८८ नंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील हिंदू-मुसलमान नागरिकांना एकत्र बसवून समित्या स्थापल्या. किरकोळ भांडणांचा निकाल त्या बैठकांत लागू लागला, आणि माणसे परस्परांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. या अधिकाऱ्याला भिवंडीने मते देऊन निवडले नव्हते. परंतु वर्तुळाच्या आतला आणि बाहेरचा यांना त्याने एका सतरंजीवर बसविले, आणि गल्लीच्या सद्भावाला जी मर्यादा पडते ती त्या सतरंजीने ओलांडली.

मताचा अधिकार श्रेष्ठ की नियुक्ती श्रेष्ठ, या वादाचा निकाल आम्ही देत नाही. दोन्ही पद्धतींत कायद्याचे आणि न्यायालयाचे कुंपण भक्कम हवे, हे उघड आहे. पण कुंपणाच्या आत जी कसोटी प्रत्येकाने स्वतः लावावयाची आहे, ती आम्हाला अशी दिसते. राखणदार निवडताना, किंवा नेमलेल्याची वाहवा करताना, ‘हा मला राखील काय?’ एवढे विचारून भागत नाही. मॅककॉलने आपल्या मतदारांना खरोखरच राखले असेल. विचारावयाचे ते असे: उद्या परक्या गावी, अपरात्री, खिशात ओळखपत्र नसताना, माझी भाषा कोणाला कळत नसताना, केवळ संशयावरून मला याच्या कोठडीत नेले, तर मी तेथे निर्धास्त झोपू शकेन काय? झोपू शकत असेन, तर त्याला मत द्यावे, त्याच्या पाठीशी उभे राहावे, तो आपल्या जातीचा वा भाषेचा नसला तरी. झोपू शकत नसेन, तर त्याने आपल्या गल्लीतील चोऱ्या बंद केल्या असल्या तरी त्याच्या हाती दंड देण्याचा आपल्याला नैतिक अधिकार नाही. कारण त्या कोठडीत कोणी तरी आज झोपलेला आहेच.

ही कसोटी कठीण आहे, हे आम्ही जाणतो. घरात चोर शिरलेल्याला ती सांगणे तर क्रूरपणाचे वाटेल. ज्याचे घर फुटले त्याची भीती खोटी नसते, आणि दंड ढिला पडला की पहिला बळी गरिबाचाच जातो. दंड अति कठोर झाला तर प्रजा उद्विग्न होते, अति मृदू झाला तर कोणी त्याला जुमानत नाही, आणि यथायोग्य असेल तरच तो पूज्य ठरतो, हे कौटिल्याने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आम्ही दंड नको म्हणत नाही. तो ज्याच्या पाठीवर पडू शकतो त्याच्या जागी क्षणभर उभे राहून मग तो सोपवावा, एवढेच म्हणतो.

जुन्या माणसांच्या गोष्टीतला राखणदार शिवेवर वाटसरू दिसला की काठी जमिनीवर आपटतो. ती काठी मारण्यासाठी नसते. पुढे वाट आहे, मागोमाग ये, एवढे ती सांगते. आमच्या गल्लीत त्या रात्री काठ्या पुष्कळ होत्या. त्यांतील एकही काठी जर त्या मजुराच्या पुढे चालली असती, तर दहा मिनिटांत तो वीटभट्टीवर पोचला असता.